वर्गात फुटलेली सुपारी

साहेबरावांनी आपल्या हयातीत एकशे तीन सुपाऱ्या फोडल्या होत्या. आकडा त्यांनीच सांगितलेला, तेव्हा त्यातून दहा-बारा कमी करून घ्यायला हरकत नाही. पण उरलेल्याही काही थोड्या नव्हेत. आष्टीच्या आसपास कुठं लग्नाची बोलणी जुळली, की बैठकीच्या मधोमध पाट, पाटावर तांदूळ, तांदळावर सुपारी आणि सुपारीसमोर मांडी ठोकून साहेबराव, हा देखावा ठरलेला. ते आधी सगळ्यांवरून नजर फिरवत. मग बत्ता उचलत आणि तो हवेत धरून विचारत, "कुणाला काही म्हणायचं आसंल तर आत्ताच म्हणा." पन्नास माणसांत, बत्ता डोक्यावर असताना कोण काय म्हणणार? एका घावात सुपारी फुटायची. तुकडे वाटले जायचे आणि ज्याच्या तोंडात तुकडा गेला तो साक्षीदार व्हायचा. पुढं कुणी कुरकुर केलीच, तर साहेबरावांचं एक वाक्य तयार असे : "फुटली सुपारी सांधत न्हाई."

हा मान फुकटचा होता. पोटासाठी साहेबराव नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीचं गोदाम सांभाळत. बायको सुगंधाबाई, लेक बेबीनंदा आणि धाकटी बहीण आसराबाई आष्टीला. साहेबराव आठवडाभर गोदामामागच्या खोलीत, आणि शनिवारी घरी. संध्याकाळी सहाला गोदामाला कुलूप घातलं की करायला काही नसे. बाजरीच्या पिशव्यांशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

अशात शहाण्णव साली गोदामाच्या वरच्या मजल्यावर चित्रपट अभिनयाचा वर्ग सुरू झाला.

वर्ग चालवणारे बद्रीनाथ सर मुंबईला अकरा वर्षं काढून आले होते. अकरा वर्षांत ते बावीस सिनेमांत दिसले, त्यातल्या नवांत पाठमोरे. एकात त्यांचं प्रेत होतं आणि ते फार छान झालं होतं, असं ते स्वतःच सांगत. पण माणूस शिकवण्यात प्रामाणिक होता. नाच, मारामारी, ढिशुम्-ढिशुम् असलं काही नाही. एक सीन घ्यायचा, दोघा-चौघांनी तो महिनाभर घासायचा, आणि महिन्याच्या शेवटी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका पोराचा कॅमेरा आणून तो कॅसेटवर घ्यायचा. सरांचं एकच तत्त्व होतं. "खोटं करायचं नाही. चहा प्यायचा तर खरा प्यायचा. नाटकात शेवटच्या रांगेला फसवता येतं. कॅमेरा तुमच्या नाकापाशी असतो. त्याला रिकामा कप कळतो."

त्या महिन्याचा सीन होता मुलगी देण्याचा. साहेबराव वर गेले ते खरं तर दणदण पाय आपटू नका म्हणून भांडायला. दारातून पाहतात तर एक पोरगं अडकित्त्यानं सुपारी कातरत होतं.

"आरं ए!" साहेबराव ओरडले. "सुपारी कातरत न्हाईत. फोडतेत. एका घावात. पान खाऊन राह्यला का लगीन जमवून राह्यला तू?"

सर्वांनी माना वळवल्या. बद्रीनाथ सरांना गेला आठवडाभर मुलीच्या बापाच्या कामाला माणूस मिळत नव्हता. वर्गातलं सगळ्यात वयस्कर पोरगं तेवीस वर्षांचं. त्यांनी साहेबरावांच्या मिशा पाहिल्या, टोपी पाहिली, आवाज ऐकला आणि हात जोडले. "काका, बसा. दाखवा कशी फोडतात."

आणि साहेबराव बसले. बघता बघता रोजच बसू लागले.

पण गंमत अशी, की एकशे तीन वेळा खरी केलेली गोष्ट त्यांना खोटी म्हणून करता येईना. ते संवाद म्हणत तेव्हा मोंढ्यात लिलाव पुकारल्यासारखं वाटे. नवरदेवाचं काम राधाकिसन नावाचा देखणा, भित्रा पोरगा करत असे. तो अंबड तालुक्यातला, मोसंबीच्या बागा असलेल्या घरचा. घरी त्यानं टायपिंगच्या वर्गाला जातो म्हणून सांगितलं होतं. साहेबराव त्याच्याकडे बघून "पोरगी दिली" म्हणत, तेव्हा तो दोन इंच मागं सरके.

"साहेबराव," एकदा सर म्हणाले, "या सीनमध्ये तुम्हाला समोरच्याकडून काय पाहिजे?"

"च्या," साहेबराव म्हणाले. वर्ग हसला.

"नीट विचार करा. बाप आहात तुम्ही."

"मंग... पोरीचं चांगलं व्हावं."

"ते तुमच्या तोंडावर दिसत नाही. तुमच्या तोंडावर दिसतं, की इथं जमलेल्या सगळ्यांत मीच मोठा."

साहेबरावांना हे लागलं. चार दिवस ते वर फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी गेले. सरांनी जसं काही झालंच नाही अशा थाटात सांगितलं, "कागदावर मुलीचं नाव शालिनी आहे, ते सोडा. जे नाव घेतलं की तुमचा गळा दाटतो, ते घ्या. कुणाला सांगू नका. एकदम शूटिंगच्या दिवशी घ्या."

शूटिंगचा दिवस उजाडला आणि नवरदेवाच्या बापाचं काम करणारा किराणा दुकानदार जुलाब लागून घरी बसला. सर कपाळाला हात लावून बसले होते. सतरंजीवर दहा-बाराजण, मधे पाट, तांदूळ, नारळ, सुपारी, बत्ता. कोपऱ्यात कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा. मधोमध नवी टोपी घालून राधाकिसन. एवढ्यात जिन्यावर काठी वाजली आणि दारात राधाकिसनचे खरेखुरे वडील उभे राहिले. इंद्रभान त्यांचं नाव. मोटारपंपाचा पार्ट न्यायला जालन्याला आले होते. आलोच आहोत तर पोराचं टायपिंग कुठवर आलं ते पाहावं, म्हणून विचारत विचारत पोचले होते.

"काय रे हे?" इंद्रभान म्हणाले.

राधाकिसनच्या तोंडाला कोरड पडली. पण बद्रीनाथ सरांच्या तोंडाला पाणी सुटलं. धोतर, पटका, उन्हानं रापलेला चेहरा! असा बाप मुंबईत रोजंदारीवर मिळत नाही.

"वडील का? वा, वा! या, तुमचीच वाट बघत होतो. बसा पोराच्या शेजारी. मुलीकडचे हे आष्टीचे साहेबराव. तुम्हाला जे वाटेल ते बोला, मनातलं बोला."

आता इंद्रभानांनी काय समजावं? पाट मांडलेला, पंच बसलेले, पोरगा टोपी घालून, व्हिडिओसुद्धा लावलेला. पोरानं बापाला न विचारता स्थळ बघितलं, हे त्यांना कळलं आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठली. पण बैठकीत आलेल्या माणसानं बैठकीचा अपमान करायचा नाही, हे त्यांच्या हाडात होतं. ते बसले. समोरच्या माणसाकडे त्यांनी रोखून पाहिलं.

साहेबरावांना वाटलं, सरांनी आयत्या वेळी नवा गडी आणला. सरांची ती खोडच होती. गडी मात्र जबर आहे, कपाळावरची शीरसुद्धा उडवतो! आता आपणही कमी पडायचं नाही.

"रामराम," इंद्रभान म्हणाले. "मला कुणी काही सांगितलं न्हाई. पर बसलोच हाव, तर विचारतो. पोरगी काय करती?"

हे कागदावर नव्हतं. साहेबराव गडबडले आणि गडबडीत खरं बोलले. "डी.एड. करून राह्यली परतूरला. रोज जीपनं जाती. पहाटं उठून सैपाक करून जाती."

"नाव?"

साहेबरावांनी तोंड उघडलं. नाव बाहेर येईना. सगळी बैठक, दिवा, कॅमेरा सगळं पुसलं गेलं, आणि त्यांना जीपच्या मागच्या फळीवर चार माणसांत दबून बसलेली, मांडीवर पुस्तकांची पिशवी घट्ट धरलेली लेक दिसली.

"बेबीनंदा," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. "एकुलती हाय. संभाळा."

इंद्रभानांची शीर खाली बसली. त्यांनी पोराकडे पाहिलं. पोरगा खाली बघत होता, म्हणजे लाजत होता. ते हळू आवाजात म्हणाले, "मला हुंडा न्हाई, पांडा न्हाई. बागंत राबायला मजूर हायेत, सून न्हाई लागत. शिकू द्या तिला. फोडा सुपारी."

साहेबरावांनी बत्ता उचलला. यावेळी त्यांनी कुणावर नजर फिरवली नाही. एकाच घावात सुपारी फुटली. तुकडे वाटले गेले. सरांच्या तत्त्वाप्रमाणे सगळ्यांनी ते खरोखर खाल्ले, कॅमेरावाल्या पोरानंही. इंद्रभानांनी अर्धा तुकडा खाल्ला आणि अर्धा उपरण्याच्या टोकाला बांधला. दोघं व्याही गळ्यात पडले. सर भरल्या आवाजात "कट" म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुपारी फुटल्यावर टाळ्या वाजवतात हे इंद्रभानांना नवं होतं. शहरातली पद्धत असेल, असं म्हणून त्यांनीही दोन वाजवल्या, कॅसेटची एक प्रत सांगून ठेवली आणि एस.टी. चुकेल म्हणून घाईनं निघून गेले.

"कोण होता हो त्यो?" साहेबरावांनी डोळे पुसत विचारलं. "लई कसलेला माणूस."

"राधाकिसनचे वडील. आज पहिल्यांदाच आले."

"पहिल्यांदा? आन येवढं बराबर?"

उत्तर राधाकिसननं दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात येऊन दिलं. त्याचा चेहरा ज्वारीच्या धाटासारखा वाळला होता. "काका, आप्पाला वाटलं खरंच हाय. मी सांगायचं म्हणत गेलो, म्हणत गेलो... त्याहिला टायपिंगच खरं वाटतंय अजून."

साहेबराव इतके हसले, की त्यांना पिशव्यांच्या थप्पीला धरून उभं राहावं लागलं. "सांग की मंग लेका, जल्दी सांग!" राधाकिसननं मान हलवली. मान हलवण्यापलीकडे त्याला जन्मात काही जमलेलं नव्हतं. साहेबरावांचं हसू आठ-दहा दिवस टिकलं. ते संपलं ते आष्टीच्या एस.टी. थांब्यावर.

उतरल्या उतरल्या हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घ्यायला नकार दिला. "लेकीची सुपारी फोडली, आन आम्हाला पत्ता न्हाई?" गावात इंद्रभान येऊन गेले होते. दोन किलो पेढे, एक साडी आणि कॅसेट ठेवून गेले होते. कॅसेट कचरूतात्यांच्या घरी चालू होती. कचरूतात्या हे गावातले सगळ्यात जुने पंच. पाच वर्षांखाली त्यांच्या मुलानं व्हिडिओ आणला, तेव्हापासून गावातल्या कुठल्याही लग्नाचा शेवटचा निकाल त्यांच्या ओसरीत लागे. साहेबराव पोचले तेव्हा अख्खी गल्ली तिथं जमली होती. पडद्यावर ते स्वतः रडत होते, आणि कॅमेरावाल्या पोरानं सवयीप्रमाणे त्यांच्या रडण्याभोवती गुलाबी बदाम सोडले होते.

बायका पदर डोळ्यांना लावून पाहत होत्या. "बाप आसावा तर आसा," कुणीतरी म्हणालं.

"आवं, ते नाटक हाय!" साहेबराव ओरडले.

सगळे त्यांच्याकडे बघून हसले, कौतुकानं. एवढा मोठा माणूस, पण रडताना दिसला म्हणून लाजतो!

माणसानं जन्मभर वाट पाहावी असं यश होतं ते. अभिनय इतका साधला होता, की तो अभिनय आहे हे सांगून कुणाला पटेना.

घरी सुगंधाबाई पेढ्यांच्या बॉक्सजवळ बसून एकाच वेळी रागावलीही होती आणि फुललीही होती. "मला न इचारता दिली? बरं दिली ते दिली. हुंडा न्हाई, बागायत हाय, माणूस देवासारखा बोलून गेला. आसं स्थळ आपल्या पायानं चालत येतं का कुठं?"

"आगं, शूटिंग हाय ते. वर्गातलं."

बेबीनंदा चौकटीला टेकून उभी होती. तिनं कॅसेट तीनदा पाहिली होती. "आबा, नाटक व्हतं ना?"

"बिलकुल नाटक."

"मंग तुम्ही रडलात काहून?"

याचं उत्तर बद्रीनाथ सरांनी शिकवलं नव्हतं.

"मला न्हाई करायचं इतक्यात," बेबीनंदा म्हणाली. आवाज चढला नाही, हीच पंचाईत. चढला असता तर त्यांना दटावता आलं असतं. "एक वर्ष राह्यलं माझं. नोकरी लागू द्या. आन त्या पोराला मी बघितलं न्हाई, त्यानं मला बघितलं न्हाई. त्यानं खाली बघितलं नुसतं."

"बघू," साहेबराव म्हणाले.

या "बघू"त त्यांनी पंधरा दिवस काढले. शनिवारी आष्टीला गेलं की वाटेत माणसं मुबारकबाद देत. आणि खरं सांगायचं, तर ते हळूहळू घ्यायलाही लागले. स्थळ वाईट नव्हतंच. त्यांनी स्वतः शोधायचं म्हटलं असतं तर असं सापडलं नसतं. शिवाय नाही म्हणायचं कसं? अकरा माणसांनी तुकडा खाल्ला होता. इंद्रभानांनी तर खऱ्या मनानं खाल्ला होता. एकीकडे नाटक, दुसरीकडे खरं. अशी अर्धी खरी सुपारी साहेबरावांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. आणि ज्यानं गावभर "फुटली सुपारी सांधत न्हाई" हे ठणकावलं, त्यानंच ती सांधत बसायचं?

जालन्याला वर्गात गेल्यावर बद्रीनाथ सर म्हणायचे, "मी येतो, मी सांगतो त्यांना, तो अभ्यास होता." साहेबराव म्हणायचे, "थांबा." कशासाठी थांबायचं, ते त्यांनाही कळत नव्हतं. कदाचित कळत असावं. घरात असं एक माणूस होतं, ज्यानं अजून यावर तोंड उघडलं नव्हतं.

आसराबाई पुढच्या खोलीत शिलाई मशीन चालवत असे. गावातल्या निम्म्या पोलक्यांना तिचा हात लागलेला. एक्याऐंशी साली ती सतरा वर्षांची होती. वडील वारलेले, म्हणून थोरल्या भावानं, साहेबरावांनी, तिची सुपारी फोडली होती. लग्नाला आठ दिवस असताना तिला कळलं, की पोरगा आधी दोनदा घरातून पळून गेलेला आहे. त्याच्या गावात लहान लेकरालाही हे माहीत होतं. ती भावाच्या पाया पडून म्हणाली, नको. साहेबराव म्हणाले, "फुटली सुपारी सांधत न्हाई." ते वाक्य तिथं पहिल्यांदा वापरलं गेलं. पुढं ते पंचक्रोशीत गाजलं. आसराबाईचा नवरा चार वर्षांनी सुरतेला जातो म्हणून गेला, तो तिसऱ्यांदा पळाला तो कायमचाच. ती परत आली. भांडली नाही, रडली नाही. फक्त त्या दिवसापासून ती भावाशी बोलली नाही. सांगायचं असलं की बेबीनंदाला सांगायची, भाऊ समोर बसलेला असला तरी : "बेबे, तुझ्या बापाला म्हणावं, दळण संपलं." घराला याची इतकी सवय झाली होती, की पाहुण्यांना ती रीतच वाटे.

इंद्रभान लग्नाची तारीख धरायला माणसं घेऊन येणार होते, त्या दिवशी सकाळी साहेबराव पुढच्या खोलीत जाऊन बसले. बेबीनंदा आत्याजवळ काज करत बसली होती. मशीन चालू होतं.

"आसरा," ते म्हणाले, "तू काहीच बोलली न्हाईस."

मशीन थांबलं. आसराबाईनं दोरा दातानं तोडला.

"बेबे, तुझ्या बापाला म्हणावं, मी पंच न्हाई."

"मी भाऊ म्हणून इचारतो."

तिनं पोलक्याची शिवण नखानं दाबली. "बेबे, तुझ्या बापाला इचार. मी बी बघितली कॅसेट. त्यात मास्तर हाय, पटका बांधलेला व्याही हाय, नारळ हाय, च्या हाय. सगळं खरं ठिवलंय म्हणं. मंग त्यात पोरगी कुठं हाय?" तिनं चाकाला हात लावला. "आन म्हणावं, माझ्या येळला बी न्हवती. मी दाराआड उभी व्हते."

मशीन पुन्हा सुरू झालं.

दुपारी साहेबरावांच्या ओसरीत बैठक भरली. कचरूतात्या मधे, इंद्रभान आणि त्यांची सात-आठ माणसं भिंतीला, राधाकिसन पुन्हा एकदा टोपीत आणि पुन्हा एकदा खाली बघत. बद्रीनाथ सर न बोलावता आले होते. इंद्रभानांनी उपरण्याची गाठ सोडून सुपारीचा तुकडा पाटावर ठेवला. "देवाजवळ ठिवला व्हता," ते म्हणाले.

साहेबराव उभे राहिले. अशा बैठकीत उभं राहायची त्यांना सवय नव्हती. ते बसूनच मोठे असत. सरांचा तो प्रश्न त्यांच्या डोक्यात फिरत होता : या सीनमध्ये तुम्हाला काय पाहिजे? पोरीचं चांगलं व्हावं, असं त्यांनी सांगितलं होतं. पण पंधरा दिवस त्यांनी जपलं ते काय होतं? एक वाक्य. गाजलेलं, स्वतःचं एक वाक्य.

"इंद्रभानजी," ते म्हणाले, "जालन्याला वरच्या मजल्यावर ती नाटकाची शाळा हाय. तुमचा पोरगा तिथं शिकतो, मी बी शिकतो. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई, पर ते लगीन न्हवतं. माझी पोरगी तयार न्हाई. मी तिला न इचारता नाव घेतलं. मी देत न्हाई."

राधाकिसननं पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती की भीती, हे त्यालाच ठाऊक नसावं. बद्रीनाथ सर उठले आणि सत्य, भूमिका, अभ्यास असं काहीतरी समजावू लागले. "गप बसा, मास्तर," दाराआडून आसराबाईचा आवाज आला, आणि सर बसले.

इंद्रभान पोराकडे बघत होते. बघता बघता त्यांचं वय दहा वर्षांनी वाढलं. मग ते साहेबरावांकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुम्ही नाटक करून राह्यल्ते," ते म्हणाले. "मी न्हवतो."

साहेबराव पाया पडायला वाकले. इंद्रभानांनी पाय मागं घेतले.

"आन एक्याऐंशीला रं?" कचरूतात्यांचा म्हातारा आवाज बैठकभर पोचला. "ह्याच वसरीत बसून काय म्हणला व्हतास? आसराबाई पाया पडून राह्यल्ती, आम्ही सगळे बघत व्हतो. म्हणलास, सांधत न्हाई. तुझ्या त्या बोलावर आम्ही किती पोरी लोटून दिल्या. ते बी नाटकच व्हतं का?"

साहेबरावांना दाराकडे बघायचं धाडस झालं नाही. "न्हाई तात्या," ते म्हणाले. "ते खरं व्हतं. ते खरं व्हतं हेच वाईट झालं. तवा कुणी माझा हात धरायला पाह्यजे व्हता. पर मी बत्ता वर धरून इचारत व्हतो."

"मंग आता सुपारीला कुणी बोलवायचं तुला?"

"नका बोलावू."

आणि खरोखरच बोलावलं नाही. लोक उठले. पाटावर तो तुकडा तसाच राहिला. इंद्रभानांनी तो परत घेतला नाही, आणि बाकी कुणाला हात लावायची हिंमत झाली नाही. आकडा एकशे चारवर थांबला, तो एकशे चारावा धरायचा की नाही यावर गावात अजून दोन मतं आहेत. राधाकिसनची बापाशी बोलचाल वर्षभर बंद होती. पुढं तो बागच बघू लागला. सरांचा वर्ग त्या उन्हाळ्यात बंद पडला. बेबीनंदाला दोन हजार एक साली शाळा मिळाली आणि मग तिचं लग्न झालं. सुपारीच्या वेळी तिला पाटाशेजारी बसवून सगळ्यांसमोर विचारलं गेलं. गावात ते पहिल्यांदाच. बत्ता कचरूतात्यांच्या नातवाच्या हातात होता, आणि साहेबराव मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसले होते. इंद्रभानांना त्यांनी दोनदा पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी माणसं गेल्यावर साहेबराव ओसरीच्या कडेला एकटेच बसून राहिले. सुगंधाबाई आत भांडी आपटत होती. ती आपटण्याचा तिला हक्क होता. बेबीनंदा चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि त्यांच्याजवळ ठेवून उभी राहिली. त्यांनी हात लावला नाही.

पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. तो थांबला.

"बेबे," आसराबाई म्हणाली, "तुझ्या बापाला म्हणावं, पंधरा वर्षं उशीर केला."

साहेबरावांनी मान हलवली. मशीन सुरू झालं, दोन टाके पडले आणि पुन्हा थांबलं.

"आन म्हणावं, च्या गार होऊन राह्यला."